या कॅनात तेल भरायचं नाही

माझं ठरत आलेलं लग्न एका प्लॅस्टिकच्या कॅनपायी मोडलं, आणि मोडणारी मीच. जवळा बाजारात एखादी जुनी बाई भेटली की अजूनही हसून विचारते, "काय गं, लोकायचे कॅन हुंगती का अजून?" हुंगते. त्यात लाजण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

आमचा तेलाचा घाणा होता. बैलाचा नव्हे, तो आजोबांबरोबर गेला. आमचा विजेवरचा, सुरू झाला की मागच्या स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा थरथरायची. शिमग्याच्या पुढेमागे करडी निघाली की आजूबाजूच्या गावांतले लोक आपापली करडी पोत्यात भरून आणायचे, समोर उभं राहून गाळून घ्यायचे आणि वर्षभराचं तेल न् गुरांची पेंड घेऊन घरी जायचे. करडी त्यांची, तेल त्यांचं, आणि तेल न्यायचं भांडंही त्यांचंच. बाबांचा नियम एकच होता: गिऱ्हाईक जे भांडं पुढे करेल ते भरायचं. भांड्याची जात विचारायची नाही, असं ते म्हणायचे.

घाण्यावर एक रीत होती. तेल भांड्यात पडण्याआधी मालकानं तळहात पुढे करायचा. बाबा मापाच्या काठावरून त्यावर थोडं तेल सोडायचे. माणूस जीभ लावून चाखायचा, क्षणभर थांबायचा, मान हलवायचा आणि हातावर उरलेलं डोक्याला नाहीतर मिशीला पुसायचा. मान हलल्याशिवाय बाबा भांडं भरत नसत. ही रीत उगीच नव्हती. आमच्याकडे तेल कच्चं खातात. ज्वारीची भाकरी, लसणाची लाल चटणी आणि वर करडीच्या तेलाची धार. फोडणीत तेलाची चव लपून जाते, चटणीवर लपत नाही.

मी लहान असताना लोक पत्र्याचे डबे आणायचे, पितळी चरव्या आणायचे, कुणी चिनी मातीची बरणी गोणपाटात गुंडाळून डोक्यावर घेऊन यायचं. मग कापसावर फवारण्या वाढल्या आणि औषधाचे कॅन घरोघर आले. पांढरे, निळे, घट्ट फिरकीच्या झाकणाचे, वर धरायला मूठ. एवढी चांगली वस्तू रिकामी झाली म्हणून फेकायची कशी? पत्र्याचा डबा एसटीत कलंडला की तेल शेजाऱ्याच्या धोतरावर. कॅन आडवा पडला तरी थेंब सांडायचा नाही. एका हंगामात दोन-चार कॅन दिसले, पुढच्या हंगामात घाण्यापुढे कॅनांची रांग लागली.

आमच्या बायका गलिच्छ नव्हत्या, हे आधी सांगते. शहरातल्या लोकांना असं काही सांगितलं की ते नाक मुरडतात आणि म्हणतात, अडाणी लोक. अडाणी नव्हे. त्या बायका तो कॅन राखेनं घासायच्या, चिंच लावायच्या, उकळत्या पाण्यानं विसळायच्या, छपरावर उन्हात पालथा घालायच्या. पितळेचं भांडं जेवढं घासतो त्याच्या दुप्पट घासायच्या. चूक तिथंच होती. त्यांनी प्लॅस्टिकला पितळ समजलं. पितळेवरची घाण पितळेच्या वर असते, घासली की गेली. प्लॅस्टिक मात्र आत घेतं, मुरवतं आणि सवडीनं परत देतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याच घरी आईनं एकदा रॉकेलचा कॅन असाच लखलखीत घासून त्यात गोडंतेल भरलं होतं. पहिले काही दिवस ठीक. उन्हाळा तापला तसा चटणीला रॉकेलचा वास यायला लागला. आई म्हणाली, स्टोव्ह गळत असेल. मी कॅनचं झाकण उघडून तिच्या नाकाशी धरलं. तिनं तेल दिव्यांना लावलं आणि त्या दिवसापासून मी येणाऱ्या प्रत्येक कॅनचं झाकण उघडून वास घ्यायला लागले. बारावी नापास होऊन घरी बसलेल्या मुलीला दुसरं काम तरी काय होतं!

वास यायचा. सगळ्या कॅनांना नाही, पण निम्म्यांना तरी यायचा. काही कॅनांवर अर्धवट निघालेला कागद असायचा. त्यावर लाल त्रिकोण, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं की रिकामा डबा फोडून जमिनीत गाडून टाकावा. मी ते बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"लिहिणारा लिहितो," बाबा म्हणाले. "लोक वर्षानुवर्षं खाऊन राहिले. कुणी मेलं का?"

"मेल्यावर तुमाला येऊन सांगतील का?"

"बाई, गिऱ्हाईकाच्या भांड्यात नाक घालायचं न्हाई. सांगून ठेवतो."

मला राग यायचा तो याच उत्तराचा. मेलं का? म्हणजे मरणाच्या अलीकडे माणसाला काहीच होत नाही की काय! डोकं दुखतं, मळमळतं, अंगात त्राण राहत नाही, पोट राहत नाही, राहिलं तर टिकत नाही, हे सगळं बायकांच्या नशिबात आधीच लिहिलेलं आणि कॅन मात्र निर्दोष. मी डॉक्टर नाही. कुणाच्या पोटात काय गेलं आणि त्यानं नेमकं काय झालं, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण जे भांडं स्वतःचा वास तेलाला देतं, ते फक्त वास देऊन थांबत असेल, हे मला कुणी पटवू शकलं नाही.

अशातच मला बघायला पाहुणे आले. सेनगावच्या बाजूचे, चांगली जमीन असलेले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. बोलणी जवळजवळ झालेली होती, बघणं नावाला. मुलाचे वडील हिशोबी माणूस. घाण्यावर जायचंच आहे तर करडीही गाळून घेऊ म्हणून जीपच्या टपावर पोती टाकून आले होते. एका हेलपाट्यात सून आणि तेल, दोन्ही.

मी पाटावर बसले. मुलानं एकच प्रश्न विचारला, "भाकरी येते का थापता?" मी म्हटलं, येते. सगळे हसले. त्याची आई माझ्याकडे बघून बारीकशी हसली. मी त्यांना मामी म्हणावं असं ठरलं होतं. हडकुळी, डोळ्याखाली काळं झालेली, पण चेहऱ्यावर कपट नसलेली बाई. मला ती आवडली. खरं सांगायचं तर ते स्थळच मला आवडलं होतं.

तेल गाळून झालं तसे सगळे उठून पुढे घाण्यावर आले. मामांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, ऐटीत तळहात पुढे केला. बाबांनी तेल सोडलं. मामांनी चाखलं, मान हलवली, मिशीला पुसलं. "झकास," म्हणाले आणि जीपमधून कॅन आणवला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. पांढरा कॅन. कडेला अर्धा फाटलेला कागद आणि त्यावर लाल त्रिकोण.

बाबांनी माप बुडवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, या कॅनात तेल भरायचं नाही."

घाणा बंद होता, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ट्रेमधले कप वाजले. मामा मात्र हसले. "पोरी, नवा हाय तो. तुझ्या मामीनं राखंनं घासलाय. चार दिवस उन्हात व्हता."

"मामा, त्यात कापसाचं औषध होतं."

"व्हतं. आता न्हाई."

"बाई, चहा ठेव अन् आत जा," बाबा म्हणाले. आणि त्यांनी कॅन भरला. पाहुण्यांसमोर त्यांना दुसरं काही सुचलंही नसेल. घाण्यातून नुकतंच निघालेलं, कोमट तेल. पातळ, सोनेरी, वर्षातलं सगळ्यात चांगलं. ते त्या कॅनात जाताना मी पाहत उभी राहिले. आत गेले नाही. चहा झाला, पानसुपारी झाली. आईनं ओटी भरायला मामींना हळदीकुंकू लावलं. आता नारळ द्यायचा, सुपारी फुटायची आणि मी त्या घरची व्हायची, एवढंच उरलं होतं. आणि त्या घरी गेले की हेच तेल रोज माझ्याच हातानं चटणीवर घालायचं होतं, आधी मामा-मामींना, मग मुलाला, मग पुढं होतील त्या लेकरांना. हे डोक्यात आलं आणि मला राहवेना.

"मामा, रीत राहिली," मी म्हटलं. "तेल चाखायचं."

"चाखलं की मघाशी."

"ते मापातलं. हे कॅनातलं चाखा."

मी कॅनचं झाकण काढलं आणि कॅन तिरका केला. मामांना वाटलं असेल, पोरगी लाडानं करून राहिली. त्यांनी हात पुढे केला. तेल तळहातावर पडलं. हात तोंडाकडे निघाला आणि नाकाशी येऊन थांबला. मग त्यांनी हात खाली घेऊन धोतराला पुसला. मिशीला नाही, डोक्याला नाही, धोतराला.

"पोट भरलंय माहं," ते म्हणाले.

मुलगा आपल्या चपलांकडे बघत होता. तेवढ्यात मामी पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "आण इकडं." त्यांनी तळहात पुढे केला. मी नको म्हणायच्या आत त्यांनीच माझ्या हातातला कॅन कलता केला, तेल घेतलं आणि जिभेला लावलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"चांगलं हाय की," त्या म्हणाल्या. "असंच तर लागतंय तेल."

नवऱ्याची बाजू राखायला बोलल्या असत्या तर मला कळलं असतं. त्या तशा बोलल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. घरचं तेल असंच लागतं, रोज असंच लागत आलंय, त्यात चाखून सांगण्यासारखं आहे काय, असा तो चेहरा.

"बघा!" मामांना जोर आला. "बायको खाऊन राहिली, लेकरं खाऊन राहिली, कुणाला काय तकलीफ न्हाई. ह्या पोरीलाच कशाचा वास येतो?"

"मग तुमी काहून न्हाई चाखलं, मामा?"

एवढंच बोलले. नंतर लोकांनी त्याला तिखटमीठ लावलं की मी तेल त्यांच्या अंगावर ओतलं, कॅन रस्त्यावर फेकला. तसलं काही झालं नाही. एक प्रश्न विचारला, बस. मामा उठले, मुलाला म्हणाले, "चल." बाबांना म्हणाले, "पोरीला डोक्यावर बसवलंय तुमी. आमच्या घरात असली जीभ चालायची न्हाई." जीप निघून गेली. नारळ आईच्या हातातच राहिला. आणि भरलेला कॅन घाण्यापुढे तसाच.

बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. आई बोलायची, पण भांड्यांशी. भाऊ म्हणाला, "आता बस हुंगत." पुढच्या बाजारापर्यंत ही गोष्ट गावभर पसरली आणि मी कॅनवाली पोरगी झाले. मला रडू यायचं, खोटं कशाला सांगू. पण माझं चुकलं असं एकदाही वाटलं नाही. रडू यायचं ते त्या मामींसाठी. नवऱ्याला जे हुंगवलं नाही ते त्या बाईनं चाखून चांगलं म्हटलं होतं.

राहिला तो कॅन. बाबांनी उभ्या जन्मात तेल वाया घालवलं नव्हतं. माप निथळायलासुद्धा ते वाटीवर उपडं ठेवायचे. ते रोज त्या कॅनकडे बघायचे. पाहुण्यांकडे निरोप पाठवला तर कुणी न्यायला येईना. विकायचा तर लोकाचा माल. शेवटी आईला म्हणाले, "देवाच्या दिव्याला लाव."

"माणसाला चालत न्हाई ते देवाला काहून चालंल?" आई म्हणाली.

माणसाला चालत नाही. हे पहिल्यांदा दुसऱ्या कुणी तरी बोललं होतं. बाबा उठले, कॅनचं झाकण काढलं, तळहातावर तेल घेतलं आणि चाखलं. थुंकले. चूळ भरली, परत भरली. माझ्याकडे बघितलंही नाही. मागच्या परसात गेले, टिकाव घेतला आणि खड्डा खणायला लागले. मी कोयता नेऊन दिला. त्यांनी कॅन तेलासकट फोडला आणि गाडून टाकला. पहिल्या धारेचं करडीचं तेल मातीत जिरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

त्यानंतरच्या बाजारी पहिला कॅन आला तेव्हा बाबांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि गिऱ्हाईकाला म्हणाले, "यात न्हाई भरायचं. डबा देतो आमचा, पुढच्या खेपेला वापस आणा." गिऱ्हाईक भांडलं. बाबा माझ्याहून वरच्या आवाजात भांडले. मी मागं उभी राहून ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

काही गिऱ्हाइकं गेली. दुसऱ्या घाण्यावर कुणी काही विचारत नव्हतं. जा म्हटलं. उशिरा का होईना, माझंही लग्न झालं, शिरड शहापूरला. नवऱ्याला माझी ख्याती ठाऊक होती. तो पहिल्याच भेटीत म्हणाला की आमच्याकडे पत्र्याचेच डबे आहेत. हंगामात मात्र मी घाण्यावर यायचीच. बाबा थकले, मग गेले. माप माझ्या हातात आलं.

तोवर दोन हजार साल मागे पडलं होतं आणि औषधाच्या कॅनची जागा प्लॅस्टिकच्या इतर सोंगांनी घेतली होती. करडी कमी झाली, सोयाबीन सगळीकडे झालं, तेल पिशवीत यायला लागलं. हॉटेलातून उकळता चहा प्लॅस्टिकच्या पातळ पन्नीत, म्हणजे पिशवीत, बांधून मिळायला लागला, वर दोरा गुंडाळून. गरम भजी पन्नीत, रस्सा पन्नीत. हातात धरवत नाही इतकी गरम पन्नी, आणि आतलं मात्र निवांत पितात. पेपरात आता छापून यायला लागलं की प्लॅस्टिक मऊ राहावं, कडक व्हावं म्हणून त्यात जे घालतात ते उष्णतेनं आणि तेला-तुपात उतरतं, शरीरातल्या ग्रंथींच्या कामात ढवळाढवळ करतं, बायकांना आणि पोटातल्या लेकरांना जास्त. मी ते वाचून भावापुढे टाकलं. त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पोतंभर जमवल्या होत्या. लोकांना आता डबा आणायचा कंटाळा येतो, बाटलीत भरून विकू, असं त्याचं म्हणणं.

"या तर पाण्याच्या," तो म्हणाला. "यात कुठं औषध व्हतं?"

"उन्हात पडलेल्या बाटलीत वर्षभर तेल ठेवणार. ते आतून काय खातंय हे तुला ठाऊक हाय का?"

"तुला ठाऊक हाय का?"

"मलाबी न्हाई. म्हणूनच भरणार न्हाई."

आमचं असं भांडण बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांपुढे चाललं होतं, तेव्हा एक म्हातारी पुढे आली. डोक्यावर करडीचं छोटं गाठोडं, हातात झाकणाची पितळी चरवी. मी ओळखलं नाही आधी. तिनं गाठोडं ठेवलं आणि म्हणाली, "तुमीच व्हय त्या? कॅन फोडणाऱ्या?"

डोळ्याखालचं काळं तसंच होतं. मी म्हटलं, "मामी?"

"मालक गेले मागल्या साली," त्या म्हणाल्या. "घरात दुसरा कॅन व्हता, तोबी त्यायनंच आणलेला. त्यायच्या जितेपणी फेकता आला न्हाई. आता फेकला. मायेरची चरवी काढली माळ्यावरून."

मी त्यांची करडी गाळून दिली. त्या घाण्यासमोर उभ्या राहून धार बघत होत्या. गाळून झालं तसा त्यांनी न सांगता तळहात पुढे केला. मी मापाच्या काठावरून तेल सोडलं. त्यांनी जीभ लावली आणि थांबल्या. मान हलवली नाही. डोळे मिटून घेतले.

"काय झालं, मामी? बरं नाही का लागत?"

"असं लागायचं," त्या म्हणाल्या. "माह्या मायच्या घरी असं लागायचं तेल." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं व्हतं बाई, माहीच जीभ गेली."

मला रडू आलं नाही. संताप आला. एवढी वर्षं या बाईनं स्वतःच्या शेतातली करडी काढली, काटे टोचून घेतले, तेल गाळून नेलं, आणि ते वाईट लागलं तेव्हा दोष दिला तो स्वतःच्या जिभेला. कॅनला नाही, कॅन आणणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तिची जीभ बरोबर आहे.

"तुमची जीभ कुठं गेली न्हाई, मामी," मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की रांगेतल्या सगळ्यांनी ऐकावं. "ती पहिल्यापासून बराबर व्हती."

त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मी पुन्हा तेल सोडलं. भावानं बाटल्यांचं पोतं उचललं आणि मागं नेऊन ठेवलं. मामींनी चाखलं, या वेळी मान हलवली आणि हातावर उरलेलं तेल डोक्याला पुसलं.

"भर आता," त्या म्हणाल्या, आणि चरवीचं झाकण काढून धरलं.